न जळणारी रुई

ती पावडर काय आहे, हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वडील होते तोवर त्यांना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच नाही.

कापसातून सरकी वेगळी काढायचं आमचं जिनिंग समुद्रपूरच्या रस्त्याला होतं, आणि त्याच आवारात सरकीच्या तेलाची मिल. सरकी शिजवायला वाफ लागते, म्हणून मिलच्या मागे बॉयलर. वडील थकले आणि नव्वद सालानंतर एक-दोन वर्षांत सगळा कारभार माझ्याकडे आला, तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. कापसाच्या धंद्यातल्या घरात एकच भीती पाजलेली असते, आगीची. फाटकावर चौकीदार येणाऱ्या प्रत्येकाचे खिसे चाचपायचा. बिडी, काडेपेटी, जे असेल ते तिथे ठेवायचं आणि मग आत यायचं. आत कापसाच्या गंजी घराएवढ्या उंच लागलेल्या असायच्या. एवढ्या आवारात विस्तव फक्त एका ठिकाणी होता, बॉयलरच्या पोटात. त्या खोलीत शिरताना मी चपला बाहेर काढायचो. तसं कोणी सांगितलेलं नव्हतं.

बॉयलर आजोबांच्या वेळचा, आडवा, अंगावर चार बोटं जाडीचा, पांढऱ्या पावडरीचा लेप. आतली ऊब आतच राहावी म्हणून तो लेप. थंडीत त्याच्यावर हात ठेवला, की निजलेल्या म्हशीच्या कुशीवर ठेवल्यासारखं वाटायचं. एवढी आग पोटात, आणि वर हाताला फक्त कोमट. मला त्याचं फार नवल होतं.

पावसाळ्यात मिल बंद. तेव्हा बॉयलर विझवून उघडायचा, सरकारी इन्स्पेक्टर येऊन तपासायचे. त्यासाठी जागोजागचा लेप फोडून आतला पत्रा मोकळा करावा लागे, आणि तपासणी झाली की पुन्हा नवा लेप चढवावा लागे. हे काम आम्ही ठेकेदाराला दिलेलं होतं. त्याची पाच माणसं यायची. त्यांचा म्होरक्या म्हणजे लेपाचा मिस्त्री. सिंदी मेघेला राहायचा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, काटक, आणि तोंडाने फटकळ. आमच्याकडे येण्याआधी दहा-बारा वर्षं तो हेच करत होता.

पहिल्या वर्षी बॉयलर विझवायच्या दिवशी त्याने मला हाक मारली.

"भाऊ, या इकडे. हे सांगा, ही रुई कोण्या झाडाची?"

त्याच्या चिमट्यात पांढऱ्या तंतूंचा पुंजका होता. पाइपाच्या सांध्याला जो दोर गुंडाळतात, त्यातून पिंजून काढलेला. हुबेहूब आमची रुई. मी काही बोलायच्या आत त्याने तो भट्टीच्या तोंडाशी उरलेल्या निखाऱ्यांवर ठेवला. रुई आणि निखारा एका जागी आलेले मी जन्मात पाहिले नव्हते. पुंजका लाल झाला, निखाऱ्याहून लाल. त्याने तो उचलला, फुंकर मारली, आणि माझ्या तळहातावर ठेवला. पांढरा. होता तसाच.

"अशी कपाशी पेरा भाऊ," तो म्हणाला. "मंग चौकीदाराले लोकायचे खिसे चाचपाचं काम नाई."

सगळे हसले. मी हसलो की नाही, आठवत नाही. ज्या घराला चार पिढ्या आगीनेच घाबरवलं, त्या घरातल्या माणसाच्या हातावर न जळणारी रुई होती. मी ती किती तरी वेळ बघत उभा होतो.

त्यानंतर पाचव्या की सहाव्या दिवशी इन्स्पेक्टरसाहेब आले. निवृत्तीला टेकलेले गृहस्थ. बॉयलरच्या आत शिरून सगळं ठोकून बघितलं, बाहेर येऊन हातपाय धुतले, आणि चहाला माझ्यासमोर बसले.

"लेप फोडतात ती माणसं तुमची?"

"ठेकेदाराची."

"आणि तुमचा फायरमन?"

"तो असतो त्यांच्यासोबत."

साहेबांनी बशीत चहा ओतला. "हे माझ्या तपासणीत येत नाही, पण सांगून ठेवतो. ती ॲस्बेस्टॉसची पावडर आहे. कोरडी फोडली की उडते, छातीत जाते, आणि परत निघत नाही. आज काही होत नाही. पंधरा-वीस वर्षांनी माणूस दम लागून लागून मरतो. फोडायच्या आधी पाण्याने भिजवा, तोंडाला चांगले मास्क द्या, आणि ज्याचं काम नाही त्याला त्या खोलीत उभं करू नका."

तीन गोष्टी त्यांनी सांगितल्या. त्यातली तिसरी मी ऐकली.

भिजवण्याबद्दल ठेकेदाराला आडून विचारून पाहिलं. "ओलं केलं तं चिखल होते शेट," तो म्हणाला. "आठ दिवसाचं काम पंधरा दिवस जाईन." का विचारतो आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माणसं बिथरली असती, आणि बॉयलर दसऱ्याच्या आत पेटायलाच हवा होता. पण खरं कारण याच्याही खाली होतं. मी तोंडाने काही बोललो नाही तोवर ते ठेकेदाराचं काम होतं, ठेकेदाराची माणसं होती. बोललो की ते माझं झालं असतं.

आमचा फायरमन, म्हणजे बॉयलरची भट्टी पेटती ठेवणारा, वडिलांच्या वेळेपासूनचा. त्याला मी काका म्हणायचो. दुसऱ्या वर्षापासून लेपाचे दिवस आले की मी काकांना शेतावर पाठवायला लागलो, डवरणीवर लक्ष ठेवायला. बॉयलरच्या खोलीची आमच्या ऑफिसकडची खिडकी बंद करून घ्यायचो. आमचं माणूस बाहेर, आमची खिडकी बंद. पाच माणसं आत.

काका डबा घेऊन निघाले की मिस्त्री दारातून ओरडायचा.

"काऊन काका, निघाले? पावडरीले भेता काय?"

"अबे, मले भाऊनं शेतात धाडलं."

"हो, हो! दरसाली याच दिवसात बरं शेत आठोते. काकूले सांगजा, म्हातारा घाबरला म्हनून, पदराखाली घे."

"तू तुह्यं थोबाड पाय आरशात आधी. पीठगिरणीतल्या उंदरावानी दिसून राह्यला!"

हशा व्हायचा. मीही तिथेच उभा असायचो.

जिनिंगमध्ये घशात रुई जाते म्हणून संध्याकाळी माणसांना गुळाचा खडा द्यायची पद्धत आहे. गुळाने रुई खाली उतरते असं आमच्याकडे सगळे मानतात. मी त्या पाच जणांनाही गूळ पाठवायला लागलो. पिवळाधमक, चांगल्यातला, आणि आमच्या माणसांच्या दुप्पट. ठेकेदाराच्या माणसांना गूळ देणारा मालक त्यांनी पाहिला नव्हता. मिस्त्री दोन्ही हातांनी घ्यायचा. त्याचा खोकला ऐकू आला की मी मनात म्हणायचो, गूळ खाल्ला आहे, उतरेल.

आता जे लिहितो आहे ते लिहायला मला सगळ्यात जड जातं. मी बंद खिडकीच्या काचेतून त्यांचं काम बघायचो. हातोडीचा घाव बसला की लेपाची खपली सुटायची आणि पांढरी धूळ उठायची. छपराजवळच्या झरोक्यातून उन्हाची तिरीप बॉयलरवर पडायची, आणि त्या तिरिपीत ती धूळ तरंगत राहायची. आमची रुई उडते, पण घटकाभराने खाली बसते. ही बसत नसे. माणसं जेवायला बाहेर जायची, खोली रिकामी व्हायची, तरी उन्हात ते बारीक चमकणारे कण तसेच, जागच्या जागी, कोणी टांगून ठेवल्यासारखे. इतकं देखणं दृश्य मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. मला ते काय आहे ते माहीत होतं आणि तरी मी भान हरपून बघत होतो. एकदा मिस्त्री त्या उजेडात येऊन उभा राहिला, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा, आणि घाम पुसायला त्याने तोंडावरचा गमछा सोडून मोठा श्वास घेतला. तिरिपीतले कण त्याच्या तोंडाकडे वळलेले मला दिसले.

मी खिडकी उघडली नाही.

नवा लेप चढवताना तर त्याचे हात बघत राहावे असे होते. पावडर पाण्यात कालवून पायाने तुडवायची, गोळा हातात घेऊन तळहाताने पत्र्यावर मारायचा, आणि मग हात फिरवायचा. त्याच्याजवळ मोजायची पट्टी नव्हती. डोळे मिटून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "इथं अर्धं बोट कमी हाय." मी खिळा खुपसून बघितलं होतं, अर्धं बोटच कमी. काम संपलं की बॉयलर अंड्यासारखा गुळगुळीत दिसायचा, आणि तो त्याच्यावर गाल टेकवून लांबवर एका डोळ्याने बघायचा, कुठे उंचवटा राहिला का म्हणून. आमच्या मिलमध्ये जे जे काही बनत होतं त्यात एवढं नेटकं काहीच नव्हतं.

असे सात पावसाळे. मग जुना बॉयलर मोडीत निघाला. नवा आला तो पत्र्यात बंद, त्याला लेप लागत नव्हता. ती पाच माणसं यायची थांबली. ठेकेदार छत्तीसगडकडे गेला असं कळलं. मला सुटल्यासारखं वाटलं. पंधरा-वीस वर्षं हा हिशोब मात्र मी मनातून काढू शकलो नाही. दर पावसाळ्यात एक वर्ष पुढे सरकायचं.

त्यानंतर सात-आठ वर्षांनी आमच्या एका हमालाने सहज सांगितलं, लेपवाला मिस्त्री वर्ध्याच्या दवाखान्यात आहे, दम लागून राह्यला. मी त्याच दिवशी गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही. खात्री करून घ्यायची होती बहुतेक.

खाटेवर बसलेला होता. निजता येत नव्हतं त्याला. नाकाला नळी, खांद्यांची हाडं वर आलेली, आणि प्रत्येक दोन शब्दांनंतर एक थांबा. मला ओळखून तो हसला. बायको शेजारी होती. तिने न विचारता एक्स-रे काढून खिडकीच्या उजेडात धरला. जिथे काळं दिसायला हवं तिथे पांढरं होतं, खालून वर चढत गेलेलं.

मिस्त्रीने मान तिरपी करून तो बघितला. एक डोळा बारीक करून, बॉयलरकडे बघायचा तसा.

"पाहा भाऊ," तो म्हणाला. "आतून लेप बसला. एक नंबर. कुठं उंच नाई, खाल नाई."

बायकोने त्याच्या पाठीवर चापट मारली. "मराले टेकला, तरी मस्करी जात नाई यायची."

मी तो एक्स-रे आणि तो चेहरा आळीपाळीने बघत होतो. ज्या पावडरीने आयुष्य खाल्लं, तिच्या कामातही हा माणूस सफाई बघत होता. मला त्याच्यासमोर खुर्चीत बसणं जमेना. उभाच राहिलो.

"काका कसे हायेत? फायरमनकाका?" त्याने विचारलं.

"बरे आहेत. गावी असतात आता."

"खोकला?"

"नाही."

त्याने डोळे मिटले. मला वाटलं थकला. मग हळूहळू, थांबत थांबत बोलला. "मी लय चिडवलं त्याले. पावडरीले भेते म्हनलं. म्हाताऱ्याले समजत होतं भाऊ. आमालेच समजलं नाई. त्याले सांगजा, मी माफी मांगतली म्हनून."

मरणाच्या दारात बसलेला माणूस पंधरा वर्षांपूर्वीच्या थट्टेची माफी मागत होता, आणि ती पोचवायला त्याने मला निवडलं होतं. एवढं मोठं मन मी आमच्या नात्यागोत्यात, सभा-संस्थांत, कुठेच पाहिलेलं नाही. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की काकांना काही माहीत नव्हतं, मीच त्यांना बाहेर ठेवत होतो.

"सांगतो," मी म्हणालो.

त्या वर्षीचा उन्हाळा लागायच्या आत तो गेला. पन्नाशीही गाठली नाही.

तेराव्यानंतर काही महिन्यांनी त्याची बायको मिलवर आली. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत दवाखान्याचे कागद. तिने कामगार कार्यालयात भरपाईचा अर्ज केला होता. ठेकेदाराचा आणि त्याच्यासोबत गेलेल्या बाकी चौघांचा पत्ता नव्हता. तिथल्या साहेबांनी तिला समजावून सांगितलं होतं की ठेकेदार पळाला तरी ज्याच्या जागेत, ज्याच्या कारखान्यासाठी काम झालं, त्या मालकाची जबाबदारी सुटत नाही. फक्त काम तिथे झालं आणि याच पावडरीत झालं, एवढं दिसायला हवं.

"एक ओळ लिहून द्या भाऊ," ती म्हणाली. "तो इथं काम करत जाय, एवढीच."

"बाई, मस्टरवर त्याचं नाव नाही."

"मस्टरवर नसन. बॉयलरवर तं होता ना?"

"तो इतर ठिकाणीही जायचा. कुठल्या पावडरीने झालं, कोण सांगणार?"

हे खरं होतं, आणि म्हणूनच मी ते पुढे केलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. "तुमच्याकडचा गूळ घरी आनत जाय तो," ती म्हणाली. "आमाले सांगे, मालक देवमानूस हाय." मग पिशवीची गाठ मारली आणि गेली. मी त्या संध्याकाळी ऑफिसातून उठू शकलो नाही. कामगार कार्यालयाला मात्र दुसऱ्याच दिवशी उत्तर पाठवलं. सदर व्यक्तीचे नाव आमच्या हजेरीपटावर नाही. एवढंच. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

सुनावणीला काकांना बोलावलं होतं, बॉयलरवरचा कायमचा माणूस म्हणून. सत्तरी ओलांडलेले, धोतर-टोपीत आले. साहेबांनी विचारलं, हा माणूस लेप फोडताना, पावडर कालवताना तुम्ही पाहिला आहे का?

काकांनी खूप विचार केला. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. "त्याले वळखतो साहेब. येत जाय तो. पन काम कराच्या टायमाले मी आत नसो. भाऊ मले शेतात धाडत."

"दरवर्षी?"

"दरसाली. त्याच दिवसात."

साहेबांनी लिहिता लिहिता मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. का, असा एक शब्द विचारायचा राहिला होता. पलीकडच्या बाकावर ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, तीही माझ्याकडे बघत होती. पंखा फिरत होता. मी ज्याला वाचवलं होतं, त्यालाच वाचवल्यामुळे साक्ष देता येत नव्हती, आणि मी पाहिलं होतं ते फक्त मी पाहिलं होतं, काचेतून. तेवढ्या वेळात मी बोललो असतो तर पुरलं असतं. साहेबांनी मान खाली घातली आणि पुढचं लिहायला घेतलं. पुराव्याअभावी अर्ज निकाली निघाला.

बाहेर काका आणि मी बसची वाट बघत उभे होतो. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "भाऊ, मले काऊन धाडत होते शेतात?"

"डवरणी असायची ना काका."

"हो," ते म्हणाले. "डवरनी असे." मग त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. त्यानंतर दिवाळीला ते आमच्याकडे फराळाला आले नाहीत. पुढे दोन वर्षांनी गेले, म्हातारपणाने, छाती अगदी स्वच्छ. मिस्त्रीची माफी मी त्यांना पोचवली नाही. ती सांगायची तर आधी दुसरं सांगावं लागलं असतं. तो निरोप आता कोणालाच देता येणार नाही.

मिल मी विकली आहे. ती बाई अजून सिंदी मेघेतच राहते. त्या पाच जणांपैकी मिस्त्री गेला, एकाचा पत्ता लागत नाही, उरलेले तिघं आता याच जिल्ह्यात परत आले आहेत आणि त्यांना अजून कोणी काही सांगितलेलं नाही.

त्या तिघांच्या दारी जाऊन, छाती तपासून घ्या आणि का, हे सांगणं माझ्याकडे बाकी आहे. आणि त्या बाईला माझ्या सहीचा एक कागद देणं बाकी आहे, की तिचा नवरा सात पावसाळे माझ्या बॉयलरवर लेपाचं काम करत होता, ती पावडर ॲस्बेस्टॉसची होती, आणि मला ते माहीत होतं.